डोक्यातली गाठ आणि माझी कात्री

थेरगावच्या आमच्या सोसायटीत संध्याकाळी बाकावर बसणाऱ्या मंडळींना वैद्यकशास्त्रातलं सगळं कळतं. गुडघ्याला काय चोळावं, साखर कशाने उतरते, कोणत्या डॉक्टरने कोणाला कसं फसवलं, सगळं. मी त्या बाकाच्या एका टोकाला बसते आणि शक्यतो तोंड उघडत नाही. पण गेल्या महिन्यात आमच्या गायकवाडसाहेबांनी विषयच असा काढला की मला गप्प बसवेना.

त्यांच्या मेहुण्याच्या डोक्यात गाठ निघाली होती. साधी गाठ, कॅन्सरची नव्हे. मात्र त्याच सुमाराला त्याची नाडी मधेच अडखळायला लागली होती. "मेंदूचे डॉक्टर म्हणतात हृदयवाल्याकडे जा, हृदयवाले म्हणतात आमच्याकडे काही सापडत नाही. डोक्यातल्या साध्या गाठीने छातीतले ठोके चुकू शकतात का हो?" त्यांनी सगळ्यांनाच विचारलं.

झालं. एकजण म्हणाले, "छे! डोकं कुठे, छाती कुठे!" दुसऱ्यांनी गॅस ठरवला. तिसऱ्यांनी दुधीचा रस सुचवला. मी म्हटलं, "चुकू शकतात. नेहमी नाही, पण कधी कधी नक्की." तर गायकवाडसाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हाला हो काय माहीत? तुम्ही तर पट्ट्या काढायचात."

माझं डोकंच फिरलं. घरी येऊन चहासुद्धा न करता लिहायला बसले. होय, मी पट्ट्याच काढायचे. चिंचवडच्या बाजूला कामगारांसाठी एक रुग्णालय होतं, तिथे मी वीसहून अधिक वर्षं ईसीजी काढला. मी डॉक्टर नाही आणि नर्सही नाही, तरी येणारा प्रत्येक कामगार मला सिस्टर म्हणायचा आणि प्रत्येक डॉक्टर 'ओ बाई' म्हणायचा. पहिली काही वर्षं मी दोन्ही सुधारायचा प्रयत्न केला. नंतर सोडून दिला.

आताच्या ईसीजीचं कौतुक मला सांगू नका. बटण दाबलं की बारा चित्रं एका कागदावर छापून येतात, खाली निदानसुद्धा टाइप होऊन. आमच्या वेळचं यंत्र लाकडी पेटीतलं होतं, उचलायला दोन माणसं लागत. दोन्ही मनगटांना आणि घोट्यांना जेली लावून धातूच्या पट्ट्या रबराने बांधायच्या, छातीवर सहा जागी रबरी फुगा दाबून वाटी चिकटवायची. मग एक तापलेली लेखणी मेणाच्या अरुंद कागदावर हृदयाची रेघ उमटवत जायची. एका वेळी एकच रेघ. बटण फिरवत बारा वेळा काढायची. हातभर लांबीची ती नुसती पट्टीच्या पट्टी डॉक्टरांसमोर ठेवून चालायचं नाही. प्रत्येक रेघेचा तीन-चार इंचांचा स्वच्छ तुकडा निवडायचा, कात्रीने कापायचा, छापील कार्डावर ओळीने डकवायचा, वर नाव आणि कामगाराचा तिकीट नंबर घालायचा. उरलेली कात्रणं केराच्या टोपलीत.

हा स्वच्छ तुकडा मिळवताना माझ्या नाकी नऊ यायचे. आमच्या खोलीच्या भिंतीला लागून एका फॅब्रिकेशनवाल्याची शेड होती. तिथे वेल्डिंग सुरू झालं की माझी लेखणी थरथरायला लागायची आणि रेघेऐवजी कागदावर जाड कुंपण उभं राहायचं. यंत्राची अर्थिंगची वायर मी बेसिनच्या नळाला बांधून ठेवली होती. तो नळ कोणी हात धुवायला सोडला की जेमतेम बसवलेलं सगळं बिघडायचं. नळावर पाटी लावली, 'हात लावू नये'. पाटी वाचून लोक नळ सोडून बघायचे, पाणी येतंय की नाही ते. शेवटी मी एक तोडगा काढला. साडेबाराचा जेवणाचा भोंगा झाला की शेजारचं वेल्डिंग अर्धा तास बंद व्हायचं. अवघड पेशंट मी त्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवायचे आणि माझा डबा दीड वाजता गार खायचे.

पेशंटांबद्दल तर बोलायलाच नको. बहुतेकांची समजूत अशी की हे यंत्र शॉक देतं. रेल्वे फाटकासारखे हात ताठ करून पडायचे. एक फोरमन अखेरपर्यंत श्वास रोखून धरायचे, त्याने रिपोर्ट चांगला येतो असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. भोसरीचा एक पैलवानगडी छातीवरचे केस काढू देईना. "शिष्टर, आखाड्यात काय तोंड दाखवू?" छातीला कोण बघतंय, तोंडच दाखव, असं म्हणून मी वस्तरा चालवला. आखाती देशात नोकरी लागलेला एक फिटर तर खोलीचं दार लावून हळूच म्हणाला, "बाई, दुबईवाल्यांना द्यायचीय, पट्टी जरा सरळ काढा की." मी म्हटलं, बाबा, अगदी सरळ पट्टी फक्त मेलेल्या माणसाची येते. त्यानंतर तो माझ्याकडे फिरकला नाही.

या सगळ्यांपेक्षा भारी होते आमचे मोठे डॉक्टर. ते मंगळवारी आणि शुक्रवारी पुण्याहून यायचे. माणूस हुशार, हाताला यश, पण जिभेला हाड नाही. मी नवी असताना एका कार्डावरची रेघ थोडी थरथरलेली होती. त्यांनी ते कार्ड पेशंटांनी भरलेल्या बाकांसमोर हवेत धरलं आणि म्हणाले, "बाई, ही काय दारातली रांगोळी काढलीय?" सगळा वऱ्हांडा हसला. त्या दिवशी मी ठरवलं, यापुढे माझ्या कार्डावर बोट ठेवायला जागा राहणार नाही. आणि राहिली नाही. माझी कार्डं पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात दाखवायला नेत असत, इतकी देखणी असायची. मला त्याचा अभिमान होता. तो कुठे नेऊन सोडणार होता, हे तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं.

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. निवृत्ती नावाचा एक क्रेन ऑपरेटर आमच्याकडे आला. चाकणजवळच्या वाडीचा, पस्तिशीचा, काटक, कमी बोलणारा. एका फौंड्रीत वरून फिरणारी क्रेन तो चालवायचा. वितळलेल्या लोखंडाची भली मोठी बादली साखळीला टांगून भट्टीपासून साच्यांपर्यंत न्यायची, हे त्याचं काम. खाली पंधरा-वीस माणसं उभी असतात. एकदा अशी भरली बादली अधांतरी ठेवून तो वरच्या केबिनमध्ये मिनिटभर गप्प बसून राहिला होता. खालून माणसं ओरडत होती. मग तो भानावर आला आणि त्यानेच खाली विचारलं, "का रं वरडताय?"

कंपनीने पाठवलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'छातीत धडधडते अशी तक्रार. हृदय तपासावे.' मी ईसीजी काढला. नीट आला.

"नक्की काय होतं तुम्हाला?" मी वायरी काढता काढता विचारलं.

"आदी जळका वास येतो," तो म्हणाला. "मंग छातीत धडधड व्हती. मंग एकदम थांबल्यागत वाटतं. फुडचं म्या सांगू शकत न्हाई."

मोठ्या डॉक्टरांना त्याने हेच सांगितलं. डॉक्टर हसले. "फौंड्रीत काम करतोस, तिथे जळका वास नाही तर काय मोगऱ्याचा येणार?" आम्ही सगळेच हसलो. खरं सांगायचं तर मलाही तो विनोद आवडला होता. निवृत्तीच्या मागे त्याची बायको उभी होती, हिराबाई. ती हसली नाही. "अवो, रानात कांदं काडताना बी येतो म्हनं त्यांस्नी," ती म्हणाली. "तितं कुटं भट्टी हाय?" पण तोवर पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं होतं.

दोन-अडीच महिन्यांनी तो पुन्हा आला. या खेपेला क्रेनवरून उतरताना शिडीवर तसंच झालं होतं, गुडघा फुटला होता. मी त्याला भोंग्याच्या वेळेला घेतलं. वायरी बांधल्या, यंत्र सुरू केलं. चार-पाच रेघा छान आल्या. मग तो म्हणाला, "वास आला." मी म्हटलं, "बोलू नका." बघते तर हा इसम ओठ चाटतोय, जिभेने मचमच करतोय, एका हाताने चादरीचा कोपरा चिमटीत धरून ओढतोय. लेखणी वेडीवाकडी नाचायला लागली. मी ओरडले, "अहो, किती वेळा सांगायचं? हलू नका!" त्याने उत्तर दिलं नाही. नुसता छताकडे बघत राहिला. लेखणी आधी भरभर चालली, मग रेंगाळली, मग कागदावर लांबच्या लांब मोकळी रेघ गेली. मला वाटलं वाटी निसटली. मी यंत्र बंद केलं, सगळ्या वाट्या पुसून पुन्हा लावल्या, जेली बदलली, मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दहा मिनिटांनी पुन्हा काढली. या वेळी रेघ स्वच्छ.

मग मी टेबलाशी बसले. कात्री घेतली. स्वच्छ तुकडे निवडून कार्डावर डकवले, आणि ती वेडीवाकडी हातभर पट्टी चुरगाळून केराच्या टोपलीत टाकली. अशी पट्टी मोठ्या डॉक्टरांपुढे ठेवायची माझी टाप नव्हती. ठेवायची असते, हेही मला सुचलं नाही. अनेक वर्षं मी तेच करत आले होते.

कार्ड बघून डॉक्टरांनी शेरा मारला, 'हृदय निर्दोष'. तक्रारीतल्या धडधडीसाठी म्हणून एक साधी गोळी लिहून दिली आणि आठ दिवसांची रजा.

पुढच्या महिन्यात फौंड्रीच्या लेबर ऑफिसरचा फोन आला. त्याला त्या कार्डाची नक्कल हवी होती. मी विचारलं, कशाला? तो म्हणाला, "बाई, हा माणूस वर केबिनमध्ये झोपा काढतो आणि नाव छातीचं सांगतो. खाली माणसं उभी असतात हो. त्याच्यावर चार्जशीट दिलंय. चौकशीत कागद लागेल." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. शेवटी त्याचंही म्हणणं बरोबर होतं, खाली माणसं उभी होतीच. नक्कल गेली. माझं देखणं कार्ड चौकशीच्या टेबलावर पुरावा म्हणून पोचलं.

मग एके दिवशी हिराबाई एकटीच माझ्या खोलीत आली. दारात उभी राहून तिने विचारलं, "आत येऊ का, बाई?" सहसा कोणी विचारत नाही, सरळ आत येतात, म्हणून लक्षात राहिलं.

"बाई, तुमच्या पट्टीत चांगलं आलंय म्हनून माज्या मानसाला खोटं ठरवत्यात," ती म्हणाली. "चौकशीत त्योच कागद दावला. कामावरनं काडून टाकनार हायेत. डोकं बी लई दुखाया लागलंय त्यांचं, सकाळच्याला उठलं की उलट्या व्हत्यात."

मी माझं नेहमीचं सुरू केलं. ईसीजीत काही नाही त्याला मी काय करणार, मी नुसती पट्टी काढते, निदान डॉक्टर करतात वगैरे.

तिने मला मधेच थांबवलं. तिचा आवाज चढला नव्हता. "पर बाई, त्या टायमाला हितंच झालं की त्यांस्नी. तुमच्या म्होरं. म्या दारातनं बघत व्हते. ती मचमच, त्यो हात, तेच तर व्हतंय घरी बी. तुमी वरडला त्यांच्यावर. मंग त्ये कागदावर कसं न्हाई आलं?"

आलं होतं. कागदावर सगळं आलं होतं. ते मी कापून टाकलं होतं. मी तिच्याकडे न बघता यंत्र पुसायला लागले. वाटी निसटली नव्हती. वाटी निसटली की रेघ कागदाबाहेर उडते, ती अशी मधोमध मोकळी चालत नाही. हे मी नवख्यांना शिकवत असे. पण त्या दिवशी वैताग इतका होता की माझ्या डोळ्यांनी बघूनही बघितलं नव्हतं.

मी तिला म्हटलं, "उद्यापासून त्यांना रोज साडेबाराला घेऊन या. चिठ्ठी नको, काही नको. मी बघते."

आता यातही अडचणी कमी नव्हत्या. कागदाची रिळं मोजून मिळायची आणि स्टोअरवाल्याला एका रिळात बारा पेशंट झाले नाहीत की झोप यायची नाही. मी त्याच्याशी भांडले. माझ्या खोलीत चिठ्ठीशिवाय पेशंट का बसतो, असं विचारणाऱ्या मेट्रनशी भांडले. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी भोंगा झाला तरी शेजारच्या वेल्डरने जेवायला जायचं नाव काढलं नाही, त्याला काहीतरी अर्जंट द्यायचं होतं. मी खिडकीतून तोंड काढून त्याच्या नावाने इतकी बोंबलले की बिचारा डबा घेऊन बाहेर पळाला. तरी काही झालं नाही. निवृत्ती मुकाट्याने पडून राहायचा. नोकरीचं विचारलं की म्हणायचा, "बघू. गेली तर गेली." पण हात सारखा कपाळावर जायचा.

चौथ्या दिवशी तो म्हणाला, "बाई, वास आला."

मी यंत्र सुरू केलं आणि या वेळी तोंड बंद ठेवलं. एका हातात शिसपेन्सिल घेतली. कागद सरकत होता तसतसं मी त्याच्या कडेला लिहीत गेले: वास आला म्हणाला. हाक मारली, ओ दिली नाही. ओठ चाटतो. चादर ओढतो. रेघ अजून ठीक होती. मग ठोके भरभर झाले. मग मंदावले. मग लेखणी मोकळीच चालली. मी वाटीला हात लावून बघितला, घट्ट होती. मनगटावर बोट ठेवलं, नाडी नव्हती. तेही कडेला लिहिलं. नंतर मोजलं, बावीस मोठे चौकोन. पाच चौकोनांचा एक सेकंद. चार सेकंदांहून जास्त वेळ त्या माणसाचं हृदय माझ्या डोळ्यांदेखत थांबलं होतं. मग एक ठोका आला, मग दुसरा, आणि थोड्या वेळाने निवृत्तीने विचारलं, "झालं का, बाई?"

ती पट्टी मी कापली नाही. हाताच्या पंजाला गुंडाळली आणि तशीच घेऊन गेले. मोठे डॉक्टर त्या दिवशी नव्हते, ते एका अर्थी बरंच झालं. ओपीडीत डॉक्टर मुलाणी होते. नवीनच लागलेले, कासारवाडीला राहायचे, सायकलवर यायचे, सगळं सावकाश करायचे म्हणून पेशंट त्यांच्यावर वैतागायचे. त्यांनी टेबलावरचं सगळं बाजूला सारून ती पट्टी आडवी उलगडली. पट्टी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी खाली लोंबत होती. पेन्सिलीने लिहिलेलं त्यांनी दोनदा वाचलं.

"बाई, हे तुम्ही जसं झालं तसं त्याच क्षणी लिहिलंय? क्रम हाच होता?"

"हाच."

"म्हणजे आधी वास, मग ओठ, मग हृदय." ते म्हणाले. "हृदयामुळे शुद्ध हरपली असती, तर आधी हृदय थांबायला हवं होतं. इथे सुरुवात डोक्यातून होतेय. याला फीट येतेय, आणि ती फीट हृदयाला अडवतेय."

मला फीट म्हटलं की हातपाय झाडणारा, फेस येणारा माणूस माहीत होता. तेव्हा त्यांनी मला समजावलं ते मी इथे माझ्या भाषेत सांगते. ठोके हृदय स्वतःच पाडतं, पण ते भरभर पाडायचे की सावकाश, हा लगाम मेंदूकडे असतो. कानाच्या आतल्या बाजूला मेंदूचा जो भाग आहे, तिथे काही टोचत, दाबत असेल तर खोटे वास येतात, माणूस जागा असून हरवतो, आणि कधी कधी तो लगाम उगाच खेचला जातो. टोचणारी गोष्ट कॅन्सरचीच असावी लागते असं नाही. साधी गाठसुद्धा जागा चुकीची धरून बसली की पुरे. डोक्यातला दाब फार वाढला तरी नाडी मंदावते. हेही त्यांनी बजावून सांगितलं, की ठोके चुकणाऱ्या शंभर माणसांत बहुतेकांचं मूळ हृदयातच असतं. म्हणून तर डोक्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. गायकवाडसाहेब, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. दुधीचा इथे काही संबंध नाही.

डॉक्टर मुलाणींनी निवृत्तीला अंधाऱ्या खोलीत बसवून डोळ्यांत बॅटरीच्या भिंगाने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. डोळ्यांच्या मागची नस सुजली होती. डोक्यातला दाब बरेच दिवस वाढलेला होता.

मोठ्या डॉक्टरांनी शुक्रवारी पट्टी बघितली आणि पहिलं वाक्य उच्चारलं ते, "बाई, तुमची वायर सुटली असणार." मी पेन्सिलीने लिहिलेल्या 'वाटी घट्ट, नाडी नाही' या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी ती ओळ वाचली. मग त्यांनीच पुण्याला फोन लावला, स्वतः चिठ्ठी लिहिली, आणि आपला जुना शेरा त्याच पेनाने खोडला. माणूस जिभेने वाईट होता, मनाने नाही, हे मी मान्य करते. मात्र चौकशीतला कागद बदलून घ्यायला मला लेबर ऑफिसरच्या दारात तीनदा जावं लागलं. दर वेळी तो म्हणायचा, "पण तुमचंच कार्ड आहे ना हे?" माझंच होतं. त्याहून वाईट काय असणार?

डोक्याचे आडवे काप दाखवणारं यंत्र आम्ही तेव्हा पाहिलंही नव्हतं. मानेतल्या शिरेत औषध घालून फोटो काढायचे. गाठ दिसली. उजव्या कानाच्या वरच्या अंगाला, मेंदूच्या आवरणाला धरून वाढलेली, लिंबाएवढी. ऑपरेशनला सहा-सात तास लागले. गाठ पूर्ण निघाली, आणि साधी होती. पुन्हा कधी जळका वास आला नाही. ठोके चुकले नाहीत. चार्जशीट मागे घेतलं गेलं.

पण डोळे वाचले नाहीत. ती सुजलेली नस इतके महिने दाबाखाली राहिली की सूज उतरल्यावर वाळून गेली. डॉक्टर मुलाणी मला म्हणाले, "दोन-तीन महिने आधी कळतं तर बहुधा वाचले असते." त्यांना माहीत नव्हतं ते कोणाला सांगताहेत. मी हिशेब केला. दोन-तीन महिने आधी म्हणजे ती दुसरी खेप. ती चादर, ती मचमच, ती टोपली.

ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी निवृत्ती शेवटच्या ईसीजीला आला. हिराबाईच्या खांद्यावर हात ठेवून. उजेड-अंधार एवढंच त्याला कळत होतं. साडेबाराच्या भोंग्याला मी पट्टी काढली. बाराच्या बारा रेघा, एक ठोका मागेपुढे नाही. माझ्या सगळ्या नोकरीत इतकी सुरेख पट्टी मी काढली नसेल.

"कशी आली, बाई?" त्याने विचारलं.

"उत्तम."

त्याने हात पुढे केला. मी पट्टी त्याच्या हातात दिली. त्याने ती बोटांनी चाचपली, पण मेणाच्या कागदावर बोटांना काही लागत नाही. तेव्हा मला राहवलं नाही. मी यंत्र बंद केलं आणि सगळं सांगून टाकलं. की दुसऱ्या खेपेला पट्टीत सगळं उमटलं होतं. की ती खराब दिसत होती म्हणून मी कापून टाकली. की ती ठेवली असती तर कदाचित डोळे राहिले असते. हिराबाईने माझ्याकडे पाहिलं. तिला हे आधीच ठाऊक असावं.

निवृत्ती बराच वेळ पट्टीची घडी घालत राहिला. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

"आमच्या फौंड्रीत बी खराब माल काडून टाकत्यात," तो म्हणाला. "साच्यातनं वाकडं आल्यालं कास्टिंग, भोकं पडल्यालं. पर आमी ते फेकत न्हाई. ढीग करून ठेवतो, सायब बघून जातो का बिगाडलं म्हनून, मंग परत भट्टीत. तुमी कुटं टाकली, बाई?"

"केरात," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. कळलं, एवढ्यापुरतीच. घडी केलेली पट्टी त्याने माझ्या दिशेने धरली, जरा डावीकडे चुकून. मी पुढे होऊन ती घेतली. हिराबाईने त्याचा हात उचलून आपल्या खांद्यावर ठेवला आणि दोघं दाराकडे वळली.

"पायरी हाय," ती त्याला म्हणाली. "पाय उचला."